पाणी धरून ठेवणारे जाळे

उन्हाळ्यात कुरडया करायच्या म्हणजे तीन दिवस घरात गहू भिजत पडतात. मग ते वाटायचे, गाळायचे, चोथा बाजूला काढायचा, आणि खाली जो पांढरा साका बसतो त्याला आपण चीक म्हणतो. हा चीक चुलीवर हाटायला घेतला की आधी दुधासारखा पातळ असतो. पण आच लागता लागता एकाएकी पळी जड होते, पांढरा रंग जातो आणि काचेसारखी झाक येते. पातेल्यात सर्वांत जास्त वजन पाण्याचंच असतं, तरी पातेलं कललं तर पाणी काही सांडत नाही. मग ते गेलं कुठं?

पाणी कुठंही गेलेलं नाही. ते चिकातच अडकून बसलं आहे. गव्हाच्या सत्त्वाच्या, म्हणजे स्टार्चच्या, कणांत अतिशय लांब, साखळीसारखे रेणू असतात. उष्णतेने कण फुगतात, फुटतात, साखळ्या मोकळ्या होतात आणि एकमेकींत गुंतून त्यांचं जाळं बनतं. या जाळ्याच्या घरांत पाणी कोंडलं जातं. अशा पदार्थाला शास्त्रज्ञ ‘जेल’ म्हणतात. तुरुंगाचा जेल हा शब्द वेगळा, पण काम दोघांचं सारखंच म्हणा ना. सरबतातल्या सब्जाच्या बियांवर येणारा बुळबुळीत पडदा हे जेलच. पेरूची जेली हे तर नावातच आलं. खरवसही त्याच जातीचा, तिथं जाळं दुधातल्या प्रथिनांचं असतं एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, कुरडई आणि खरवसाच्या गोष्टी आम्हांला कशाला सांगता? सांगायचं कारण असं की हेच जाळं हाताने विणून, म्हणजे प्रयोगशाळेत पाहिजे तसं घडवून, त्याच्यापासून आज कितीतरी वस्तू तयार होतात. लहान मुलांच्या लंगोटात तेच असतं, डोळ्यांवर बसविण्याच्या मऊ भिंगांत तेच, भाजलेल्या जखमेवर लावायच्या गार पट्टीत तेच. आणि शेतात, मुळापाशी पाणी धरून ठेवण्यासाठी जे पांढऱ्या-पिवळ्या दाण्यांचे पुडे विकायला येतात, त्यांतही तेच. आपल्या लातूरकडच्या माणसाला या शेवटच्या वस्तूशी कर्तव्य आहे, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहू.

आधी जाळ्याची घडण समजून घेऊ. सुटी सुतळी पाण्यात टाकली तर ती इकडेतिकडे पसरेल, प्रवाहाबरोबर निघूनही जाईल. पण त्याच सुतळीला जागोजागी गाठी मारून जाळं केलं तर ते पाण्यात फुगेल, पसरेल, आणि तरीही एकच राहील. जेलाचं अगदी असंच आहे. गाठी फार थोड्या पडल्या तर पदार्थ विरघळून जातो. फार जास्त पडल्या तर जाळं इतकं आवळलं जातं की त्यात पाणी मावतच नाही, चिवट रबर तयार होतं. गाठींचा हा हिशोब बसला की कधी कधी मोठी गंमत होते. प्राग शहरातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लिम यांनी पाणी पिऊन मऊ होणारं आणि डोळ्याला न खुपणारं जेल १९६० साली जगापुढे मांडलं. त्याची भिंगं ओतायला यंत्र हवं होतं. विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात, घरीच, मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्याचे तुकडे जोडून ते यंत्र उभं केलं! आज जगभर कोट्यवधी लोक मऊ भिंगं वापरतात, त्यांची सुरुवात त्या खेळण्यातून झाली.

म्हणजे जेल घडविणाऱ्यापुढे प्रश्न तीनच असतात. दोरा कशाचा घ्यायचा? गाठी किती आणि कशाच्या मारायच्या? आणि काम संपल्यावर त्या जाळ्याचं व्हायचं काय? पहिले दोन प्रश्न शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षांपूर्वी सोडविले. तिसऱ्याकडे मात्र बराच काळ कुणी पाहिलंच नाही.

नुसत्या स्टार्चचं जाळं घरगुती कामाला ठीक, पण शेतात त्याचा निभाव लागत नाही. शिळ्या चिकाला पाणी सुटतं हे घरोघरी ठाऊक आहे. दोन दिवसांत त्याला वासही येतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात पिओरिया नावाचं गाव आहे, तिथं त्यांच्या शेतकी खात्याची मोठी प्रयोगशाळा आहे. मका उदंड पिकतो, त्याच्या स्टार्चला नवी गिऱ्हाइकं कशी मिळतील हा तिथला विचार. तिथल्या मंडळींनी १९७० नंतरच्या दशकात एक युक्ती केली. आंब्याच्या रोपावर आपण कलम बांधतो ना, तसं त्यांनी स्टार्चच्या साखळीवर दुसऱ्या, कृत्रिम रसायनाच्या साखळ्यांचं कलम बांधलं आणि त्यावर सोड्याची प्रक्रिया केली. या कलमी साखळीवर सगळीकडे एकाच जातीचा विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे जाळं आतून ताणलं जातं आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. स्वच्छ पाण्यात हा पदार्थ आपल्या वजनाच्या कित्येकशे पट पाणी पितो, आणि दाबलं तरी स्पंजासारखं ते सोडत नाही. त्याला त्यांनी इंग्रजीत जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘महाभुरक्या’ असा काहीसा करता येईल!

आपल्याकडे पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते जानेवारी १९५० मध्ये तिचं उद्घाटन झालं. या प्रयोगशाळेने १९८० नंतरच्या दशकात स्टार्चपासूनच ‘जलशक्ती’ नावाचा असा पदार्थ तयार केला. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांचे सहकारी यांनी फुगणाऱ्या जेलांच्या वागणुकीचा तिथं पुष्कळ अभ्यास केला. पुढे दिल्लीच्या पुसा संस्थेने, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेने, वनस्पतींतल्या सेल्युलोजवर कलम बांधून ‘पुसा हायड्रोजेल’ काढलं. आपल्या वजनाच्या साडेतीनशे पटींहून अधिक पाणी ते पितं आणि चाळीस-पन्नास अंश उष्णतेतही त्याची तहान कमी होत नाही. कोरडवाहू मुलखाचा विचार करूनच ते घडविलेलं आहे. एकरी एक ते दोन किलो, कोरड्या मातीत मिसळून, पेरणीच्या सरीत बियाण्याबरोबर द्यायचं अशी त्याची रीत आहे.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल की लातूरच्या दुष्काळाला औषध सापडलं. एप्रिल २०१६ आठवा. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून, दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिलला लातुरात आली. अशा गावात ‘एक किलो पूड चारशे लिटर पाणी धरते’ असं कुणी सांगितलं तर ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारणारच.

म्हणून आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावं. परीक्षेतल्या गुणांबद्दल लातूरचं नाव गाजलेलं आहेच, हे गणित जरा परीक्षेबाहेरचं. एकरात एक किलो जेल घातलं आणि ते चारशे पट फुगलं, तर पाणी धरलं चारशे लिटर. आता एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होतं? चार हजार लिटरांच्या वर. म्हणजे आपल्या किलोभर जेलाने धरलेलं पाणी झालं मिलिमीटरचा दहावा भाग. एवढ्या पावसाने अंगणातली धूळसुद्धा धड बसत नाही! उलट्या बाजूने पाहा. त्या पहिल्या गाडीतलं पाच लाख लिटर पाणी जेलात धरायचं झालं तर साडेबारा क्विंटल पूड लागेल.

आणि आपली काळी माती? चांगली मीटरभर खोल काळी जमीन पूर्ण भिजली म्हणजे पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवते. एकराला हिशोब करा, सहा ते आठ लाख लिटर होतात. म्हणजे पाण्याच्या पहिल्या गाडीत मावलं त्याहून जास्त पाणी तुमच्या एका एकराच्या पोटात मावतं. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांमध्ये पापुद्र्यांसारखे थर असतात आणि त्या थरांमध्ये पाणी शिरून ती फुगते. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात हात जातो, आणि मृगाच्या पावसाने त्या मिटतात, हे त्या फुगण्या-आकसण्याचंच काम. निसर्गाने आपल्याला जेलाची एक मोठी थोरली भावंड देऊनच ठेवली आहे. तेव्हा खोल काळ्या रानात, बांधबंदिस्ती न करता, शेणखत न घालता, नुसत्या पुड्यावर भिस्त ठेवणं हे माझ्या मते पैसे पाण्यात घालणं आहे.

मग जेल अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही. एकराच्या हिशोबात ते नगण्य आहे, पण मुळाच्या हिशोबात नाही. सरीत बियाण्याशेजारी पडलेला फुगलेला दाणा म्हणजे रोपाच्या उशाशी ठेवलेलं इवलंसं मडकं. पाऊस आला की ते भरतं, उघडीप पडली की मूळ त्यातून पितं, पुन्हा पाऊस आला की पुन्हा भरतं. काळी माती बरंच पाणी अशा घट्ट मुठीत धरते की मुळाला ते सुटत नाही, जेल त्या मानाने हात सैल ठेवतं. पेरणी झाली, सोयाबीन उगवलं, आणि मग दहा-बारा दिवस पावसाने डोळे वटारले, अशा वेळी तेवढ्या मडक्यांवर उगवण टिकू शकते. त्यातही खरा उपयोग दिसतो तो मुरमाड, हलक्या माळरानावर, जिथं माती वीतभर आणि खाली दगड. तिथं झाडं लावायची असतील, रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या असतील, मिरची-टोमॅटोची रोपं लांब न्यायची असतील, तर थोडक्या खर्चात काम होतं. खड्ड्यात दहा ग्रॅम जेल टाकलं तर कागदावर चार लिटर पाणी होतं. मातीच्या दाबाखाली त्यातलं लिटरभर टिकलं तरी पोराबाळांनी पाणी घालायच्या एक-दोन खेपा वाचल्या.

कागदावर म्हणालो ते मुद्दाम. कारण पुड्यावरचे आकडे बहुधा शुद्ध पाण्याचे असतात आणि आपलं पाणी तसं नाही. खोल बोअरचं पाणी जड असतं. भांड्याला पांढरा थर चढतो तो त्याचाच. या क्षारांचा जेलावर फार परिणाम होतो. साखळीवरचे सारखे भार एकमेकांना ढकलतात म्हणून जाळं पसरतं, हे मघाशी सांगितलं. पाण्यात मीठ असलं की मिठातले भारित कण मध्ये येऊन ही ढकलाढकल शांत करतात. चुन्यातला कॅल्शियम तर आणखी पुढे जातो. त्याला जणू दोन हात असतात, एका हाताने तो एक साखळी धरतो, दुसऱ्याने दुसरी, आणि जाळ्यात नको असलेल्या जास्तीच्या गाठी मारून बसतो. चारशे पट पिणारं जेल खाऱ्या पाण्यात तीस-चाळीस पटींवरच थांबतं.

हे शाळेत पाहता येतं. मुलांच्या एका कोऱ्या लंगोटातला कापूस कागदावर झटकला की साखरेसारखे बारीक दाणे पडतात, तेच जेल. सारखे तीन चिमूट दाणे तीन पेल्यांत घ्या. एकात पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, दुसऱ्यात गावच्या बोअरचं, तिसऱ्यात पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. अर्ध्या तासाने गाळून पाहा, मुलांना सांगावं लागणार नाही. मग पहिल्या पेल्यातल्या फुगलेल्या जेलावर चमचाभर मीठ भुरभुरा. घट्ट गोळ्यातून डोळ्यांदेखत पाणी सुटतं. दाणे नाकाडोळ्यांत जाऊ देऊ नका, तोंडात तर मुळीच नाही, आणि प्रयोग संपल्यावर मोरीत ओतू नका, नळी तुंबते.

मोरीत नाही, तर टाकायचं कुठं? हाच तो तिसरा प्रश्न. बाजारातल्या लंगोटांत आणि पाळीच्या पॅडमध्ये जे जेल असतं त्याचा दोरा खनिज तेलापासून काढलेला असतो. त्याच्या पाठीचा कणा असा असतो की मातीतल्या जंतूंना तो सहजी तोडता येत नाही. ऊन, नांगरट, क्षार यांनी त्याचे बारीक तुकडे होतात, पण मातीत मिसळून माती व्हायला फार काळ जातो. हा कचरा वेगळा गुंडाळून द्यावा असं २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलं गेलं. गावागावांत मात्र तो अजून उकिरड्यावर आणि ओढ्याच्या काठी दिसतो. शेतातल्या जेलाबाबतही डोळे उघडे ठेवावेत. पुड्यावर ‘स्टार्चपासून’ किंवा ‘वनस्पतिजन्य’ लिहिलं म्हणजे सगळं जाळं कुजेल असं नव्हे. कलमाची गोष्ट आठवा. खालचं खोड सुताचं असलं तरी वर बांधलेली फांदी नायलॉनसारखी असू शकते. जंतू सूत खातात, फांदी मागे राहते.

सगळाच दोरा आणि सगळ्याच गाठी कुजणाऱ्या करता येतील का? येतात, आणि त्यांचा कच्चा माल आपल्या दारात आहे. मांजराकाठच्या साखर कारखान्यांत उसाचा रस काढून जो चोथा उरतो, ज्याला बगॅस म्हणतात, त्याच्या कोरड्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं. ते वेगळं काढून त्यावर रसायनांची प्रक्रिया केली की पाण्यात विरघळणारा दोरा मिळतो. औषधांत आणि आइस्क्रीममध्येही तो वापरतात. आता गाठी. लिंबातलं आंबट द्रव्य, सायट्रिक आम्ल, या दोऱ्यात मिसळून वाळवून तापवलं की ते साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. हे आम्लही लिंबं पिळून काढावं लागत नाही. साखर कारखान्याच्या मळीवर एक काळी बुरशी वाढवून ते तयार करता येतं. म्हणजे दोरा चोथ्याचा आणि गाठ मळीची! जालन्याकडे मोसंबी पिकते, तिच्या सालीतलं पेक्टिनही जेलाच्या कामाचं. गवारीच्या बियांचा डिंक तर जगाच्या बाजारात जातो. अमेरिकेतल्या तेलविहिरींना तो लागतो म्हणून २०१२ च्या सुमारास राजस्थानात गवारीच्या बियांचे भाव कसे आभाळाला भिडले होते, हे व्यापाऱ्यांना आठवत असेल.

पण इथेही हुरळून जायला नको. बगॅस वाया जात नाही, कारखाने ते जाळून वाफ आणि वीज काढतात. जेलाला दिलं तर बॉयलरला दुसरं काही घालावं लागेल. सेल्युलोज वेगळं करायला कॉस्टिक सोडा लागतो, धुवायला पाणी लागतं, आणि ते गढूळ, क्षारांचं पाणी कुठं सोडायचं हा प्रश्न ज्या गावच्या नदीत आधीच थेंब नाही तिथं साधा नाही. कुजणाऱ्या जाळ्याचं आयुष्यही थोडं. एका हंगामानंतर ते जंतूंच्या पोटात जाणार, दरसाल पुन्हा घालावं लागणार. विक्रेता याला दोष म्हणेल. मी तरी ते गुणांतच धरीन, फक्त त्या हिशोबाने किंमत परवडली पाहिजे.

शेतकरी बंधूंनो, कुणी पुडा घेऊन आला तर त्याला तेच तीन प्रश्न विचारा: जाळं कशाचं आहे, आमच्या बोअरच्या पाण्यात ते किती पट फुगतं, आणि किती महिन्यांत कुजतं. दुसऱ्याचं उत्तर त्याच्यासमोरच, तुमच्याच तांब्यातल्या पाण्यात चमचाभर पूड टाकून पाहता येईल. मग सगळ्या रानाला एकदम घालू नका. हलक्या जमिनीच्या तुकड्यात दोन ओळी जेलाच्या आणि त्यांना लागून दोन ओळी बिनजेलाच्या, बियाणं आणि खत अगदी सारखं. शेजारी आणखी दोन ओळी नुसत्या चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या ठेवा. उघडीप पडली की रोज दुपारी एक चक्कर मारायची, कोणत्या ओळीने कोणत्या तारखेला माना टाकल्या ते वहीत लिहायचं. काढणीला प्रत्येक ओळीचा माल वेगळा तोलायचा. त्याच तुकड्याच्या कडेला, जुन्या धोतराच्या पुरचुंडीत मूठभर फुगलेलं जेल बांधून वीतभर खोल पुरून ठेवा आणि वर खूण म्हणून एक दगड ठेवा. गुढीपाडव्याच्या आसपास ती पुरचुंडी उकरा. आत काय राहिलं आहे ते पाहून, पुढच्या साली काय घ्यायचं ते ठरवा.